रँडचा खून आठवतो, डॉ. यशवंतांचा दवाखाना का आठवत नाही?

पुण्याच्या प्लेगचा विषय निघाला की एकच गोष्ट पुढे येते : रँडचे जुलूम, चापेकर बंधूंच्या गोळ्या आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. २२ जून १८९७ ही तारीख स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असते. पण त्याच साथीत हडपसरजवळ ससाणे मळ्यात एक डॉक्टर प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होते, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचे नाव डॉ. यशवंत जोतीराव फुले.

यशवंत १८७४ साली एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मले. जोतीराव आणि सावित्रीमाईंनी त्यांना दत्तक घेतले, शिकवले, डॉक्टर केले. १८८९ मध्ये हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, त्यांचे लग्न झाले. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाचा अधिकार भाऊबंदांनी नाकारला आणि माईंनी स्वतः टिटवे धरले. समाजाने ज्याला वारस मानायला नकार दिला, तोच पुढे त्या समाजाच्या आजारपणात उभा राहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत गेले. यशवंत तेव्हा लष्करी सेवेत होते. माईंनी त्यांना बोलावून घेतले आणि ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला.

त्या वेळी डॉक्टरच्या हातात काय होते? प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवले. रोग बरा करणारी प्रतिजैविके यायला अजून काही दशके होती. म्हणजे उपचार याचा अर्थ रोग्याला वेगळे ठेवणे, पाणी पाजणे, गाठी धुणे, उशाशी बसणे. थोडक्यात, स्पर्श करणे. आणि जातीच्या समाजात नेमकी तीच गोष्ट सर्वांत महाग होती.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला. माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता दोन तक्रारी शेजारी ठेवून पाहा. रँडच्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, बायकांची विटंबना झाली, सामान जाळले गेले. हा जुलूम खरा होता आणि त्याविरुद्धचा रागही रास्त होता. पण त्या रागात आणखी एक सूर होता : परके लोक आमच्या स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, बाटवले. एका वस्तीची तक्रार कोणी शिवल्याची होती. दुसऱ्या वस्तीचे दुःख कोणी शिवायला येत नाही हे होते. पहिल्या तक्रारीला वर्तमानपत्रे मिळाली, खटले मिळाले, पुढे पाठ्यपुस्तकातले धडे मिळाले. दुसऱ्या दुःखाला एक मळा, एक म्हातारी आई आणि तिचा डॉक्टर मुलगा मिळाला.

दोष आपल्याही चळवळीकडे जातो. आपण माईंच्या बलिदानाचे पोस्टर लावतो, पण मुलाला पाठीवर घेऊन त्या जिथे पोचल्या, तो दवाखाना चित्रात नसतो. बलिदानापुढे हात जोडले की काम संपते. दवाखाना आठवला की प्रश्न सुरू होतात : आपल्या वस्तीपासून सरकारी दवाखाना किती लांब आहे? तिथे डॉक्टर आहे का? क्षयरोग्याच्या घरी गोळ्यांबरोबर दोन वेळचे जेवण पोचते का?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी लागू झालेला साथरोग कायदा २०२० साली कोरोनात पुन्हा वापरला गेला. सरकारला १८९७ मधला अधिकार आठवला. आपण १८९७ मधली जबाबदारी आठवूया. येत्या १० मार्चला माईंच्या प्रतिमेला हार घाला, आणि त्याच दिवशी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन तिथला औषधसाठा तपासा.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!