शुश्रूषा आणि क्रांति

परदेशीं सेवेसाठीं गेलेला मनुष्य तेथील क्रांतीकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो, ह्याचें एक उत्तर आम्हांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांच्या चरित्रांत सांपडतें. सोलापूरचे हे तरुण डॉक्टर १९३८ सालीं राष्ट्रसभेच्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले, ते जपानी आक्रमणांत घायाळ झालेल्यांच्या शुश्रूषेसाठीं. क्रांतीची दीक्षा घेण्यासाठीं नव्हे. इतर चौघे कालांतरानें परतले. कोटणीस तेथेंच राहिले. १९४१ सालीं बेथ्यून रुग्णालयाचें प्रमुखत्व त्यांजकडे आलें, १९४२ सालीं त्यांनीं कम्युनिस्ट पक्षाचें सभासदत्व पत्करलें, आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते निवर्तले. सेवा आधीं, सिद्धांत मागाहून, असाच हा क्रम दिसतो.

पुढें १९४९ सालीं त्या पक्षाची सत्ता चीनभर झाली. आणि १९५८ सालच्या 'मोठ्या झेपे'मागून आलेल्या दुष्काळांत कोट्यवधि लोक अन्नावांचून मेले. धान्याचे फुगविलेले आंकडे वर जात होते. १९५९ सालीं संरक्षणमंत्री पेंग देह्वाई ह्यांनीं दोष दाखवितांच त्यांस पदच्युत करण्यांत आलें.

मग कोटणिसांची निष्ठा भ्रममूलक होती काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. त्यांनीं पाहिलेली वेदना खरी होती. परंतु डॉक्टर रोग्याचें दुखणें प्रथम त्याच्याच तोंडून ऐकतो. ज्या राज्यांत दुखणें सांगणें हाच अपराध ठरतो, तेथें लोककल्याणाच्या नांवानें आलेली सत्ताहि लोकांच्याच जिवावर उठते.