सांधा चालतो, भुकटी चालत नाही

कृत्रिम खुबा किंवा गुडघा बसवून दहा-बारा वर्षं उलटली आणि तो आतून सैल झाला, की आपल्याकडे निदान तयारच असतं : ‘बॉडीनं अ‍ॅक्सेप्ट केलं नाही.’ लोणावळ्याजवळच्या कुसगावात हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकलंय, एक्सप्रेसवेला जमीन गेलेल्या शेतकऱ्यांकडून ऐकलंय. जुनी मंडळी ‘अंगाला मानवला नाही’ म्हणतात, एवढाच फरक. समजूत एकच : शरीर परकी वस्तू ओळखतं, काही काळ सोसतं आणि शेवटी झिडकारतं. हाती असलेला पुरावा जवळजवळ याच्या उलट सांगतो. शरीर सांध्याला झिडकारत नाही. त्या सांध्यातून निघणाऱ्या भुकटीचं काय करावं हे मात्र त्याला कळत नाही, आणि त्या खटाटोपात ते स्वतःचंच हाड पोखरून ठेवतं.

समोरच्याचं मत दुबळं करून मांडायचं आणि मग ते पाडायचं, यात काही मर्दुमकी नाही. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी घेऊ. पायात काटा मोडला तर तो पिकतो आणि बाहेर येतो. दुसऱ्याची किडनी बसवली तर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर शरीर ती मारून टाकतं. आईची किडनी मुलाला बसवतानाही ही धास्ती असते. मग कोबाल्ट-क्रोमचा गोळा आणि पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची वाटी शरीर कशी खपवून घेईल? त्यात सैल झालेल्या सांध्याभोवती सूज असते, दाहाच्या पेशी असतात, हाड विरघळलेलं असतं. नकाराची सगळी लक्षणं हजर आहेत. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे.

पण किडनीचं उदाहरण इथं लागूच पडत नाही. शरीर परक्या किडनीला ओळखतं ते तिच्या पेशींवरच्या प्रथिनांवरून. लिम्फोसाइट पेशी त्या खुणा वाचतात आणि चाल करून जातात. पॉलिइथिलीनवर अशी कुठलीच खूण नाही. ती कार्बन आणि हायड्रोजनची लांबच लांब साखळी आहे, त्यात वाचण्यासारखं काही नाही. सांधा बदललेल्या कुणालाही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या द्याव्या लागत नाहीत. आणि वेळेचं काय? औषधाविना परकी किडनी काही दिवसांत, फार तर आठवड्यांत निकामी होते. सांधा दहा-पंधरा वर्षं बिनतक्रार चालतो. परकेपणा हेच कारण असेल तर तो पहिल्या दिवशीही तेवढाच परका होता. दहा वर्षं शरीर काय झोपलं होतं? उलट खडबडीत टायटॅनियमच्या पृष्ठभागात हाड स्वतःहून वाढत जातं आणि त्याला घट्ट धरतं. नाकारायच्या वस्तूला कुणी असं मिठीत घेत नाही.

मग सैल झालेल्या सांध्याभोवती ती सूज कसली? पुन्हा शस्त्रक्रिया करताना हाड आणि सांध्याच्या मधल्या फटीतून एक करडी-पिवळसर पापुद्र्यासारखी ऊती निघते. तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ध्रुवित प्रकाश सोडला की काळ्या पार्श्वभूमीवर पॉलिइथिलीनचे कण चकाकू लागतात. काही मोकळे, बरेचसे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींच्या पोटात. किडनी मारणाऱ्या लिम्फोसाइटांची संख्या तिथं बहुधा नगण्य. गंमत अशी की डोळ्यांना चकाकताना दिसतात ते कण खरे गुन्हेगार नव्हेतच. बहुतांश कण एका मायक्रॉनहूनही लहान, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे. ते मोजायला ऊती तीव्र अल्कलीत विरघळवून, उरलेला गाळ गाळणीवर धरून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहावा लागला. तेव्हा हिशोब लागला : जुन्या पद्धतीच्या खुब्यात एका पावलाला काही लाख कण सुटतात.

पुढची साखळी आता बरीच स्पष्ट आहे. मॅक्रोफेजचं काम जंतू, मेलेल्या पेशी, कचरा गिळून पचवणं. ०.१ ते १ मायक्रॉनचा कण हा जंतूच्याच मापाचा, म्हणून ती तो आवडीनं गिळते. पण पॉलिइथिलीन पचवणारं विकर आपल्या शरीरात नाही. पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ असे संदेश सोडून मदत मागते. त्या हाकेनं आणखी पेशी येतात आणि त्याही गिळून अडकतात. याच संदेशांमुळे हाडाजवळच्या पेशी रँकएल नावाचं प्रथिन जास्त करतात, आणि ते हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जन्माला घालतं. एरवी या पेशी जुनं हाड काढून नव्याला जागा करून देतात. इथं त्यांना थांबा म्हणणारं कुणी नसतं. सांधा जिथल्या तिथं, धड. आणि त्याला धरणारं हाडच पोकळ.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या मिसिंग लिंकचा बोगदा खोपोलीकडून डोंगर फोडत कुसगावकडे येत होता, ती वर्षं इथल्या लोकांनी पाहिली आहेत. बेसाल्टची धोंड अंगणात शंभर वर्षं पडली तरी कुणाला खोकला येत नाही. तीच धोंड क्रशरमध्ये गेली की खाली काम करणाऱ्याच्या छातीत काय होतं ते मावळात कुणाला सांगायला नको. दगड तोच. फरक फक्त मापाचा.

पूर्वपक्ष इथं म्हणेल : बरं, पण भुकटीही परकीच ना? मग शेवटी नकार तो नकारच. या आक्षेपाचं उत्तर १९६० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात, अनवधानानंच, मिळून गेलं होतं. जॉन चार्नली या शल्यविशारदाने खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. निवड तर्कशुद्ध होती : निसरडं, आणि रासायनिकदृष्ट्या इतकं निष्क्रिय की आज आपण त्यावर ऑम्लेट करतो. परकेपणाच्या सिद्धांतानुसार शरीराने टेफ्लॉनकडे ढुंकूनही पाहायला नको होतं. सुमारे ३०० रुग्णांना तो सांधा बसला आणि दोन-चार वर्षांत वाट्या झिजून आजूबाजूला पांढरट लगदा साठला. चार्नलीनं ते सांधे स्वतः काढले. मग त्यानं टेफ्लॉनची आणि नव्यानं हाती आलेल्या पॉलिइथिलीनची बारीक भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागणाऱ्या गाठी होत्या, पॉलिइथिलीनच्या जागी काहीच लागत नव्हतं. १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यानं हे छापलं. (आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीला यावर फेफरं येईल.) ते नवं प्लॅस्टिक त्याच्या कार्यशाळेत आलं होतं ते एका विक्रेत्याच्या हातून, लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या यंत्रांत त्याची दातेरी चाकं वापरत. नोव्हेंबर १९६२ पासून ते माणसांत बसू लागलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं टिकून राहिलं.

टिकलं, पण निर्दोष ठरलं नाही. मांडीत एकदा टोचलेली चिमूटभर भुकटी वेगळी आणि खुब्यात रोज, वर्षानुवर्षं पडत राहणारी वेगळी. सत्तरीच्या दशकात हाडं पोखरलेली दिसू लागली तेव्हा दोष गेला सांधा चिकटवणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सिमेंटवर. १९८७ मध्ये तर बॉल्टिमोरच्या जोन्स आणि हंगरफोर्ड यांनी याला ‘सिमेंटचा आजार’ असं नावच देऊन टाकलं. म्हणून सिमेंटशिवाय बसणारे सांधे आले. त्यांच्याभोवतीही हाड पोखरलं गेलं, काही ठिकाणी जास्तच. आरोपी हजर नसतानाही चोरी चालूच राहिली. मग लक्ष गेलं प्लॅस्टिकच्या कणांकडे. जर्मनीतले हान्स-जॉर्ज विलर्ट यांनी तर सत्तरीच्या दशकातच, ऊतीची कण वाहून नेण्याची क्षमता संपली की बिघाड सुरू होतो, असं सांगून ठेवलं होतं.

आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरवायची कसोटी आहे : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथं कार्य दिसावं, कारण काढून घेतलं की कार्य नाहीसं व्हावं. व्यतिरेक सिद्ध झाला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. पॉलिइथिलीनला गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांचा मोठा मारा देऊन त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या आणि मग तापवून उरलेले फ्री रॅडिकल निववले, की ते फार कमी झिजतं. खुब्यातली झीज पूर्वी वर्षाला ०.१ ते ०.२ मिलिमीटर असायची, ती त्याच्या काही अंशावर आली. इथं लक्षात घ्यायचं ते हे : पदार्थ तोच, कार्बन-हायड्रोजनची तीच साखळी, तेवढीच परकी. कमी झाली ती फक्त भुकटी. आणि खुब्याभोवतीचं हाड विरघळणं जवळपास नाहीसं झालं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत नव्या प्लॅस्टिकच्या खुब्यांमध्ये पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण जुन्यांच्या साधारण निम्म्यावर आलेलं दिसतं. परकेपणाच्या सिद्धांताला या घटनेचा अर्थ लावता येत नाही.

एक तगडा प्रतिवादी मात्र सोडून चालणार नाही. स्वीडनच्या पेर आस्पेनबर्ग यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की नुसत्या द्रवाच्या दाबानंही हाड विरघळतं, कणांची गरजच नाही. सैल सांधा प्रत्येक पावलाला द्रव दाबतो, तो फटीत घुसतो. मला हे म्हणणं खोटं वाटत नाही. दाब वाट करून देतो, कण त्या वाटेनं आत जातात, आणि दोघं मिळून काम साधतात. पण दाब एकटाच सूत्रधार असता, तर प्लॅस्टिक बदलून एवढा फरक पडला नसता.

आणि एका ठिकाणी लोकमताला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. प्लॅस्टिकची कटकट नको म्हणून धातूवर धातू घासणारे खुबे आले. डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा त्यातलाच. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या, ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला, आणि आपल्याकडे प्रकरण लावून धरलं ते महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने. तिथं कण नॅनोमीटरचे, रक्तात कोबाल्ट, खुब्याभोवतीचं मांस मेलेलं, आणि बऱ्याच रुग्णांच्या ऊतींत लिम्फोसाइटांची दाटी. म्हणजे ‘अ‍ॅलर्जी’ म्हणण्याजोगं तिथं खरंच काही होतं. धातूचा तो अनुभव लोकांनी प्लॅस्टिकला चिकटवला, असा माझा अंदाज आहे. साहजिकच आहे, आपल्याकडे चर्चा नेहमी धातूचीच. ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी वाजपेयींचा गुडघा बदलला तेव्हापासून ही शस्त्रक्रिया घराघरांत पोचली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या किमती बांधल्या गेल्या, तेव्हाही बातम्यांत कोबाल्ट-क्रोम ५४,७२० रुपये हेच झळकलं. मधल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचं, ज्याच्यावर सगळा भार असतो, त्याचं नाव क्वचित निघालं.

हा वाद पुस्तकी वाटेल, पण ‘बॉडीनं अ‍ॅक्सेप्ट केलं नाही’ म्हटलं की शोध तिथंच थांबतो, आणि त्यात दोन नुकसानं होतात. पहिलं, सांध्यातला मंद जंतुसंसर्ग अगदी अशाच सैलपणाचं सोंग घेतो. त्याचा उपचार पूर्ण वेगळा. आधी रक्त तपासून आणि सांध्यातलं पाणी काढून तो नाही ना, हे पाहावंच लागतं. दुसरं जास्त लबाड आहे. नकार म्हटलं की दुखणं आलंच, असं आपण धरतो. म्हणून दुखत नाही तोवर निर्धास्त. भुकटीनं पोखरलेलं हाड मात्र वर्षानुवर्षं दुखत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्ष लोणावळा लोकलनं शिवाजीनगरला नेमानं तपासणीला जाणारी माणसं एकवीरेच्या पायऱ्या चढता येऊ लागल्या की जाणं सोडतात. त्यांना दोष कसा द्यायचा? एक्स-रेत प्लॅस्टिक दिसतही नाही. खुब्याचा धातूचा गोळा वाटीच्या मध्यावरून किती वर सरकला, यावरून झीज ताडावी लागते, आणि त्यासाठी जुनी फिल्म शेजारी ठेवावी लागते. वेळेत कळलं तर कित्येकदा नुसता प्लॅस्टिकचा तुकडा बदलून भागतं. हाड गेल्यावर कळलं तर मोठी शस्त्रक्रिया, हाडाची भर, सगळंच नव्यानं. पोखरण थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही.

ज्यांचे सांधे २००० च्या आधीचे आहेत, त्यांच्या बाबतीत घाई जास्त. त्या काळी बरेच तुकडे हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत, आणि हवेतल्या ऑक्सिजननं ते बसवण्याआधीच ठिसूळ होऊ लागत. डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर बहुधा चिकटवलेलं असतं, त्यावर प्लॅस्टिकचा प्रकार आणि बॅच नंबर असतो. पुढच्या वेळी पुण्याला जाताना जुन्या फिल्मबरोबर तेही पिशवीत टाकावं.