सत्तावीस तासांचा हिशोब

ड्रोन म्हटलं की हल्ली लग्नाच्या हॉलवर घोंघावणारं चार पंख्यांचं खेळणं डोळ्यांसमोर येतं. आज लिहितोय ते मात्र एमक्यू-९ रीपर नावाच्या अमेरिकन लष्करी विमानाबद्दल. पंखांचा पसारा २० मीटर, उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन पावणेपाच टन, ९०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन आणि वेग ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. खरं सांगायचं तर यातला एकही आकडा तोंडात बोट घालायला लावणारा नाही. दुसऱ्या महायुद्धातली फायटर विमानंसुद्धा याहून कितीतरी जोरात पळायची! मग याचं एवढं कौतुक (आणि एवढी भीती) कशाला? तर एका आकड्यासाठी. हे विमान २७ तास हवेत राहू शकतं.

या २७ तासांची गोष्ट लॉस एंजेलिसजवळच्या एका गॅरेजमध्ये सुरू होते. अब्राहम करीम १९३७ साली बगदादमध्ये जन्मले, इस्रायलमध्ये वाढले, तिथेच विमानाचे इंजिनीअर झाले आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत आले. त्या काळातले ड्रोन म्हणजे थोडा वेळ उडायचं आणि पडायचं. अमेरिकी लष्कराने 'अक्विला' नावाच्या ड्रोनवर एक अब्ज डॉलरहून जास्त पैसे घातले आणि शेवटी प्रकल्प गुंडाळला. करीम यांनी घरच्या गॅरेजमध्ये 'अल्बट्रॉस' बनवलं, आणि त्याने ५६ तास हवेत राहून दाखवलं. मग डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने पैसे दिले, त्यातून 'अ‍ॅम्बर' तयार झालं आणि १९८८ मध्ये ते सलग ३८ तासांहून जास्त उडालं.

पण प्रॉडक्ट चांगलं असलं म्हणजे कंपनी चालतेच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सरकारी बजेट आटलं आणि १९९० मध्ये करीम यांची कंपनी बुडाली. डिझाइन फिरत फिरत जनरल अ‍ॅटॉमिक्सकडे आलं आणि त्याच वंशातल्या 'प्रीडेटर'ने ३ जुलै १९९४ रोजी पहिलं उड्डाण केलं. रीपर हा प्रीडेटरचा मोठा भाऊ, त्याचं पहिलं उड्डाण २००१ मधलं.

आता एवढा वेळ हवेत राहायचं गणित काय? गिधाड आठवा. लांब, निमुळते पंख, हवेचा अडथळा कमी आणि कसलीही घाई नाही. शिवाय आत माणूस नाही म्हणजे केबिन नाही, ऑक्सिजन नाही, इजेक्शन सीट नाही. ते सगळं वजन इंधनाला आणि कॅमेऱ्यांना मिळतं. माणसाला झोप लागते, विमानाला लागत नाही. पायलट जमिनीवर शिफ्ट बदलतात, विमान वर घिरट्या घालत राहतं.

पण खरी करामत विमानापेक्षा नेटवर्कची आहे, असं माझं मत. अफगाणिस्तानावर दिसणारा उपग्रह अमेरिकेतून दिसत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. म्हणून सुरुवातीला कंट्रोल रूम जर्मनीतल्या रामस्टाइनला होती. पुढे विमानावर क्षेपणास्त्रं बसवायचं ठरल्यावर जर्मन भूमीवरून ती डागण्याच्या परवानगीचा प्रश्न आला. यावर उपाय काय काढला? माणसं अमेरिकेत बसवली, अटलांटिकखालून जाणाऱ्या फायबरने सिग्नल जर्मनीला पोचवला आणि तिथून उपग्रहावर. कायद्याचा प्रश्न राउटिंगने सोडवला! या सगळ्या प्रवासात सेकंद-दोन सेकंदांची लेटन्सी येते. वर घिरट्या घालताना ती चालते, पण लँडिंगच्या वेळी दोन सेकंद म्हणजे अपघात. म्हणून टेकऑफ आणि लँडिंगला धावपट्टीजवळ वेगळी टीम ठेवली, आणि विमान वर गेलं की 'हँडओव्हर' थेट नेवाडातल्या क्रीच तळाकडे, लास व्हेगासपासून साधारण सत्तर किलोमीटरवर.

क्षेपणास्त्रं का बसवली, याचंही कारण आहे. २००० सालच्या शरद ऋतूत नि:शस्त्र प्रीडेटरच्या कॅमेऱ्यात कंदाहारजवळ पांढऱ्या झग्यातला एक उंच माणूस दिसला. तो बिन लादेनच, असं पाहणाऱ्यांना वाटलं. पण नुसतं बघून काय करणार? समुद्रातून क्रूझ क्षेपणास्त्र येईपर्यंत काही तास जाणार. मग १६ फेब्रुवारी २००१ रोजी प्रीडेटरवरून हेलफायर हे मूळचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डागून पाहिलं. ७ ऑक्टोबर २००१ ला अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच रात्री प्रीडेटरने मुल्ला ओमरचा माग काढला. ओमर निसटला, पण बघणारा आणि मारणारा एकच झाला होता.

आता खर्चाकडे वळू. अमेरिकी हवाई दलाच्या माहितीनुसार चार रीपर, कंट्रोल स्टेशन आणि सॅटेलाइट लिंक असा संच २०११ च्या दराने ५ कोटी ६५ लाख डॉलरचा. फायटरच्या तुलनेत स्वस्तच. पण हार्डवेअरची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. २०११ च्या सुमारास हवाई दलाचाच हिशोब होता की एक प्रीडेटर २४ तास हवेत ठेवायला १६८ माणसं लागतात. पायलट, कॅमेरा चालवणारे, मेकॅनिक, आणि तासन्‌तास व्हिडिओ बघणारे विश्लेषक. आणि याला म्हणायचं 'मानवरहित'! माणसं इतकी थकली की २०१५ मध्ये हवाई दलाला रोजच्या ६५ गस्ती ६० वर आणाव्या लागल्या. दिवसभर स्क्रीनवर युद्ध आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा होमवर्क, हे प्रकरण वाटतं तेवढं सोपं नसणार.

आणि एक खर्च कुठल्याच बजेटमध्ये येत नाही. २९ ऑगस्ट २०२१. अमेरिका काबूल सोडत होती, विमानतळावर बॉम्बस्फोट होऊन तीनच दिवस झाले होते. ड्रोननी एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा सुमारे आठ तास पाठलाग केला. ती कुठे थांबली, कोण चढलं, काय सामान ठेवलं, सगळं दिसत होतं. पाहणाऱ्यांना ती स्फोटकं वाटली. हेलफायर सुटलं आणि दहा माणसं गेली, त्यातली सात मुलं. गाडी चालवणारा एका अमेरिकन मदत संस्थेत काम करत होता आणि गाडीत बहुधा पाण्याचे कॅन होते. १७ सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक जाहीरपणे कबूल केली. नंतरच्या चौकशीत म्हटलं गेलं की कायदा मोडलेला नाही, पण जे आधीच मनात धरलंय तेच समोर दिसत गेलं.

मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात महत्त्वाची तारीख वाटते. करीम यांनी सोडवलेला प्रश्न होता 'थांबायचं कसं?' आणि तो त्यांनी अप्रतिम सोडवला. पण थांबून पाहिलं की कळतंच, हे मागाहून सगळ्यांनी गृहीत धरलं. आपण रोज डॅशबोर्डसमोर बसणारी माणसं. लॉग जितके जास्त तितकं उत्तर पक्कं, हा भ्रम आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. आठ तासांचा व्हिडिओ चुकीच्या समजुतीला आठ तासांचा पुरावा पुरवू शकतो. आपल्याकडे असं झालं तर बिल्ड मागे घेता येतो. तिथे नाही.

वर दिसायला निवांत असलेलं हे विमान खाली क्षेपणास्त्रं असतील तर सोपं सावजही आहे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये येमेनच्या हौथींनी सहा आठवड्यांच्या आत सात रीपर पाडले, म्हणजे २० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. संथपणा हीच ताकद आणि तीच कमजोरी.

हे सगळं दूर देशीचं, असं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या नौदलाने २०२० मध्ये याच कुटुंबातली दोन सी गार्डियन भाड्याने घेतली, त्यातलं एक १८ सप्टेंबर २०२४ ला चेन्नईजवळ समुद्रात उतरवावं लागलं. पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, भारताने ३१ एमक्यू-९बी घेण्याचा करार केला. त्याआधी अमेरिकेने मंजुरी देताना शस्त्रं आणि इतर सामग्री धरून ३.९९ अब्ज डॉलरचा अंदाज दिला होता. एवढा लांब समुद्रकिनारा आणि हिमालयातल्या सीमा बघता गरज आहे, हे मला पटतं. हे मॉडेल तर चाळीस तासांच्या वर उडतं म्हणे.

फक्त बातम्या वाचताना आपण तास आणि डॉलर मोजतो. स्क्रीनसमोर कोण बसणार, त्याला किती झोप मिळणार आणि "थांबा, मला खात्री नाही" असं त्याने म्हटलं तर त्याचं ऐकणार कोण, हे मोजायचं राहून जातं. खरेदीच्या यादीत ही ओळ कधीच नसते. असायला हवी.