मोड आणि डागडुजी

मराठीत ‘मोड’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मटकी भिजवून फडक्यात बांधली की तिला येतात ते मोड. दुकानदार नोट उलटसुलट करून विचारतो, “मोड नाही का हो?” ती सुट्या पैशांची मोड. आणि घरातले तांब्या-पितळेचे भांडे झिजून फुटले, की कासाराच्या तराजूत पडते तीही मोडच. मोडीच्या वजनाचे पैसे वजा करायचे आणि नवे भांडे घ्यायचे, हा व्यवहार तुमच्या आजीला तोंडपाठ होता. पण भांडे मोडीत घालणे ही तिच्या हिशेबातली अगदी शेवटची पायरी. तिच्याआधी चारपाच पायऱ्या असत, आणि प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी हातात हत्यार किंवा सुईदोरा घेऊन बसलेले असे. वाचकहो, राजांचे आणि लढायांचे इतिहास पुष्कळ झाले. आज या डागडुजी करणाऱ्या माणसांकडे जरा बघू या.

त्यासाठी कवठे महांकाळचा मुलूख फार सोयीचा. मिरजेहून पंढरपूरच्या वाटेला लागले, की कृष्णाकाठची काळी जमीन मागे राहते आणि माळ सुरू होतो. अग्रणी नदी आहे खरी, पण तिच्या भरवशावर कोणी पेरणी करावी अशी ती नव्हे. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी उचलून इकडे आणले ते अलीकडे. त्याआधीच्या पिढ्यांनी १८७६ ते १८७८, १८९६-९७, १८९९-१९००, आणि अगदी परवाचा म्हणावा असा १९७२ चा, असे दुष्काळ काढले. अशा मुलखात हंडा-घागर म्हणजे नुसते भांडे नव्हे, ती घरातली शिल्लक. वर्ष वाईट गेले की ते सावकाराच्या घरी जायचे, बरे आले तर परत यायचे. मग त्याला पोचा पडला, तळ झिजला, तर तो काढून घेणे याला चिक्कूपणा कसे म्हणावे? बँकेचे पुस्तक फाटले तर आपण चिकटवतोच की!

आता डागडुजी कोण करी आणि तिचा मोबदला काय, हे बघा. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार ही बलुतेदार मंडळी. कुणब्याच्या नांगराचा फाळ बोथट झाला, की लोहाराने तो शेवटून द्यायचा, म्हणजे तापवून, ठोकून त्याला पुन्हा टोक काढायचे. कुळवाचे दिंड चिरले, तिफणीची नळी ढिली झाली, तर सुताराने बघायचे. वहाणेचा अंगठा तुटला, तर चांभाराकडे जायचे. दर खेपेला पैसे मोजायचे नाहीत. सुगीला खळ्यावर पेंढ्या आणि धान्य, हेच वर्षाचे बलुते. नवी गाडी करायची, घर बांधायचे, तर त्याची मजुरी निराळी ठरे. नीट ध्यानात घ्या हं. नव्या कामाला वेगळा दाम, पण मोडलेले सांधणे मात्र आधीच ठरलेल्या वर्षाच्या वाट्यात! म्हणजे आज सुताराने कच्चे काम केले, तर उद्या तेच काम पुन्हा करायला त्यालाच बसावे लागे, आणि तेही वर चिमूटभर जोंधळा न मिळता. वस्तू टिकावी यात कुणब्याचे हित होते तसेच कारागिराचेही होते. माझ्या मते आपल्या जुन्या वस्तू टिकाऊ असण्याचे हे मोठे कारण आहे. जुन्या माणसांच्या सचोटीचे गोडवे आपण गातो. त्या सचोटीला व्यवस्थेचा टेकू होता, हे विसरतो.

पण म्हणून ती व्यवस्था सोन्याची होती असे मात्र समजू नका. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात तिचे वर्णन आहे आणि तिच्या दोषांवर ओढलेले कोरडेही आहेत. बलुते जातीला बांधलेले होते. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचे. आणि चांभाराचे बघा. विहिरीवरची मोट कातड्याची. ती फाटली की सगळा मळा अडायचा, बैल उभे राहायचे. ती चांभाराने शिवायची. त्याच्या टाक्यांवर सारे पाणी वर यायचे, पण त्याच विहिरीला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते महार वतनदारांसाठी होते. पण सेवा ठरलेली, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर, हे दुखणे पुष्कळांचे होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. ज्यांची त्यातून सुटका झाली, त्यांना जुन्या दिवसांचे उमाळे येत नाहीत, यात नवल ते काय?

दुसरी डागडुजी घरातल्या बायांची. हिला तर बलुतेही नव्हते. बाजेचा काथ्या सैल झाला, आवळून घ्या. सुपाच्या कामट्या उलल्या, तर रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि तो सुपाला लिंपून उन्हात वाळवायचा. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरतो. सूप जड होते, पण त्यातून दाणा गळत नाही. कधी करून बघा. पैसा लागत नाही, दोन दिवसांचे ऊन लागते. आणि वाकळ? लुगडे विरले की त्याचे बरे तुकडे निवडायचे, चांगले पदर वरखाली, विरलेले मध्ये, आणि कडेकडेने आत येत येत धावदोरा घालायचा. पुढे ती वाकळही फाटते. मग तिच्यावर नवा थर चढतो, जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात जाते. एकेका वाकळीत अशा दोन-तीन पिढ्यांची लुगडी सापडतील. तरीही आपण म्हणतो, बायकांच्या हातचा इतिहास कुठे नोंदलेला नाही!

फिरस्ता कारागीर म्हणजे कल्हईवाला. हा बलुत्यातला नव्हे, रोख पैशाचा गडी. पितळेच्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, म्हणजे आंबट पदार्थ धातूला खातो आणि तांब्याचा अंश अन्नात उतरतो. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाला झाडाखाली हातभर खड्डा खणी, भात्याची नळी मातीत पुरी, कोळसा फुलवी. भांडे वाळूने घासून तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची. भसकन् पांढरा धूर उठे आणि नाक झोंबे. तो धूर म्हणजे नुसती गंमत नव्हती; नवसागर तापल्यावर भांड्यावरचा गंज खाऊन टाकतो आणि धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. तांब्याला वितळायला हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, कथील मात्र २३२ अंशांना पाणी होते. कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवले, की काळवंडलेले पातेले आरशासारखे! मग पाण्यात बुडवायचे, चर्रर्र. पोरे त्या आवाजासाठीच तर थांबलेली असायची. लबाड माणूस कथलात स्वस्त शिसे मिसळी, आणि शिसे हे विष. जाणता माणूस काय करी? कांडी कानाशी धरून वाकवी. शुद्ध कथील वाकताना करकरते. शिसे वाकते ते मुकाट्याने.

मग हे सारे मोडले कसे? एका दिवसात नव्हे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर याच मुलखात तयार होऊ लागला. नांगर उत्तम, शंकाच नाही. पण लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यात सांधी. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर तो दुकानातून, रोख पैशाने. १९२७ साली बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरकडून कवठे महांकाळवरून मिरजेला पोचली. गाडीने माल आणला आणि मालाने रोखीचा व्यवहार. घासलेटचे पत्र्याचे डबे आले. त्यांचीही आपल्या लोकांनी पाण्याची कावड केली, धान्याचे माप केले, दिवे केले, ही गोष्ट वेगळी! कातड्याच्या मोटेची जागा पत्र्याच्या मोटेने घेतली, तिची इंजिनाने, त्याची विजेच्या पंपाने. स्टेनलेस स्टील घरोघर आले तशी कल्हईची गरजच संपली. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. स्टील कळकत नाही आणि बायकांचे घासण्याचे कष्ट वाचले. पण बनवणारा आणि दुरुस्त करणारा यांची फारकत झाली. बनवणाऱ्याचे हित आता नव्या विक्रीत. तुमचा मोबाईल उघडायला घ्या, म्हणजे कळेल. झाकण चिकटवून टाकलेले असते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती मिळावी, बाहेरच्या कारागिराकडूनही काम करून घेता यावे, असा तिचा विषय. मोबाईल, घरगुती यंत्रे, मोटारी यांच्या जोडीला शेतीची अवजारेही तिच्या यादीत आहेत. कुणब्याच्या अवजाराची डागडुजी हा पुन्हा हक्काचा विषय झाला. फक्त गाव सोडून तो दिल्लीला गेला.

याच्या उलट दिशेने गेलेली एक गोष्ट मात्र याच वाटेवर, मिरजेत घडली. तिथे शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, तलवारी खुंटीवर गेल्या. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला तो वेगळाच. हातात कसब आहे आणि काम नाही, अशी या लोकांची स्थिती. त्याच काळात मिरजेच्या पटवर्धन दरबारी गवई-बजवय्ये येत. त्यांची वाद्ये उत्तरेकडची. बिघडली की परत तिकडे पाठवायची पंचाईत. सांगतात ते असे, की फरीदसाहेब शिकलगारांकडे हे दुरुस्तीचे काम आले. वाद्य उघडून बघता बघता ते कसे जमते ते कळले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत तंबोरे आणि सतारी तयार होऊ लागल्या. भोपळे आले पंढरपूरच्या बाजूने. पुढे मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्य दुरुस्तीत वाकबगार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आजही तिथल्या दुकानांत नव्या वाद्यांइतकीच जुनी वाद्ये कामासाठी ठेवलेली दिसतील. एखाद्याचा भोपळा तडकलेला, एखाद्याची खुंटी सरकलेली, आणि पुष्कळांची जवारी गेलेली. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा किंचित उताराचा असतो, त्या उतारामुळेच तंबोऱ्याचा नाद गुंजतो. वाजवून वाजवून तारेची खाच पडते आणि आवाज बसतो. मग कारागीर तारा सैल करतो, घोडीवर कानस फिरवतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा कानस. हे तासन् तास चालते, आणि काही वर्षांनी ते वाद्य पुन्हा त्याच कामाला त्याच्याकडे येते.