पहिल्या पाळीची माणसं

निगडी-प्राधिकरणातल्या जुन्या घरांत पहाटे चारला उठून डबा मागणारे आजोबा बरेच आहेत. कंपनी सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात. नातवाचं नाव सुचत नाही, पण बस चुकली तर अर्धा दिवस बुडेल ही धास्ती शाबूत असते. बायको कडी लावून दारात उभी राहते आणि दिवस तिथून सुरू होतो. मी कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होते. ज्यांच्या बोटांना तेव्हा ड्रेसिंग केलं, त्यांच्यातल्याच काहींच्या खांद्यांवर आता रेकीसाठी हात ठेवते.

ही माणसं इथली नव्हती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागलं. १९६२ला एमआयडीसी आली. आकुर्डीत स्कूटर आणि पिंपरीत टेल्कोचे ट्रक बनू लागले, तशी साताऱ्या-सांगलीची, नगरची, मराठवाड्याची पोरं आली. १९७२च्या दुष्काळानं आणखी आणली. कॉट बेसिसवर राहिली, मग दोन खोल्या झाल्या, मग लग्न. गावाकडचं एक मात्र त्यांच्याबरोबर आलं नाही, ते म्हणजे घरातले जास्तीचे हात. गावात म्हाताऱ्याला चळ लागला म्हणत, डॉक्टर कुणी आणत नसे, पण संध्याकाळी कुणीतरी त्याचे तळपाय काशाच्या वाटीनं घाशी. सून, पुतणी, शेजारची मुलगी, कुणीही. इथे तीन पाळ्यांच्या घरात एक माणूस झोपलेला, एक कामावर आणि एक स्वयंपाकघरात. रेकी इथे का रुजली हे मला त्या रिकाम्या जागेवरून कळतं.

रेकी जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास ती शिकवायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य चुजिरो हयाशी नौदलातले डॉक्टर. त्यांच्याकडून ती शिकल्या हवायो ताकाता, हवाई बेटांवर उसाच्या मळ्यात राबणाऱ्या जपानी मजुरांची मुलगी. जपानबाहेर ती पोचवली ताकाताबाईंनी, आणि मजुराच्या घरातून ती जगात गेली याचं मला फार अप्रूप आहे. भारतात १९८९ साली पॉला होरान यांनी वर्ग घेतले. नव्वदच्या दशकात पुण्यात लाट आली आणि ती नदी ओलांडून आमच्याकडे आली. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून वर्गही गुरुवारी, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंज्या टाकून. मास्टर शक्तिपात देत, मग २१ दिवस स्वतःच्या अंगावर हात ठेवून सराव. पाठदुखीनं बेजार फिटर येत, स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेले येत, त्यांच्या बायका येत. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द तेव्हा आमच्यात कुणी उच्चारतही नव्हतं.

तो आला हळूहळू. डॉ. अल्झायमर यांनी आपली रुग्ण वैद्यकसभेत मांडली १९०६ साली. आपल्या देशात या रुग्णांसाठीची संघटना, एआरडीएसआय, केरळात उभी राहिली ती १९९२ला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा ‘अस्तु’ हा विस्मरणावरचा चित्रपट पाहून आमच्याकडच्या काही मुलींनी पहिल्यांदा वडिलांना डॉक्टरकडे नेलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत.

रेकीनं गेलेली आठवण परत येत नाही. २००६ साली अमेरिकेत रेकी आणि विस्मरणावर एक अभ्यास झाला, निष्कर्ष आशादायक होते, पण माणसं होती फक्त २४. एवढ्यावर कुणाला शब्द देणं म्हणजे फसवणूक, आणि पैसे घेऊन असा शब्द देणारे मी पाहिलेत. माझ्याकडे कुणी आलं की आधी डॉक्टरकडे पाठवते. बी-१२ कमी असेल, थायरॉइड असेल, तर विसरणं औषधानं सुधारूही शकतं.

मग मी जाते. समोरून, नाव घेऊन, विचारून. झोपवत नाही, खुर्चीतच बसू देते. आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. ते चादरीची कड चिमटीत धरून फिरवत राहतात, माप घेतल्यासारखे. मी ते थांबवत नाही. खांद्यावर हात ठेवते, तो झटकला तर उठते. नाही झटकला तर पंधरा-वीस मिनिटांत श्वास लांबतो, बोटं मंदावतात. त्या हातांतून काय वाहतं याबद्दल माझी श्रद्धा आहे, ती दुसऱ्यावर लादायची मला गरज वाटत नाही. कारण त्या वेळात दुसरंही काही घडत असतं. एक वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ताई, तुम्ही यांच्यापाशी बसा, मी तेवढ्यात केस धुऊन येते.” त्यांना कित्येक दिवसांत न्हायला सवड मिळाली नव्हती. तेव्हापासून मी घरच्या माणसाला सांगते की माझ्यासमोर बसू नका, तुमचं काम उरका नाहीतर झोपा. जमलं तर शेवटी त्यांनाही रेकी देते. आजच्या पुरता राग नको, आजच्या पुरती काळजी नको, ही उसुईंची शिकवण रुग्णापेक्षा त्यांना जास्त लागते.

आता कारखाने चाकणकडे सरकलेत. एके काळी संग्रामदुर्ग आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव, तिथे १९९९ला बजाजचा कारखाना आला, २००९ला फोक्सवॅगनचा. पोरं महाळुंगे-नाणेकरवाडीत एका खोलीत चार-चार राहतात, नोकरी ठेक्यावर, पाळी बारा तासांची. परभणीकडच्या दोघा भावांनी नुकतीच आईला इथे आणली. ती घरातून निघून जाते. एकानं दिवसपाळी घेतली, दुसऱ्यानं रात्रपाळी, म्हणजे कुणीतरी तिच्याजवळ राहील. थोरल्याला मी आईच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा ते दाखवलं आहे, पण त्याचं लक्ष महिन्याच्या एक तारखेकडे आहे. ठेकेदार पाळ्या पुन्हा फिरवणार, आणि दोघांची एकच पाळी लागली तर काय करायचं हे त्यानं मला विचारलं आहे. शेजारच्या खोलीतल्या बाईशी बोलायला मी रविवारी जाणार आहे.