पूर्वेकडच्या लांब विमानप्रवासानंतरचा जेट लॅग: उजेड, झोप आणि औषधांच्या वेळा

आचोळे, नालासोपारा, वसई या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी परदेशी असते. आई-वडील मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे मेलबर्नला काही महिने राहून येतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "डॉक्टर, अमेरिकेला जाताना फारसा त्रास झाला नाही, पण परत आल्यापासून रात्री दोनला टक्क जाग येते आणि दुपारी जेवताना डुलकी लागते." हा वयाचा दोष नाही आणि नुसता थकवाही नाही. अमेरिका किंवा लंडनहून मुंबईला येताना आपण पूर्वेकडे येतो, आणि पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो. मुंबईहून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जपानला जातानाही हेच घडते.

जेट लॅग कशाने होतो?

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचे तापमान आणि अनेक हार्मोन यांची वेळ तो ठरवतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. बहुतेक माणसांत या घड्याळाचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून उशिरा झोपणे त्याला जमते, लवकर झोपणे जमत नाही. पश्चिमेला गेलो की दिवस लांबतो आणि शरीर ते निभावून नेते. पूर्वेला गेलो की दिवस आखूड होतो, झोप यायच्या आतच रात्र होते. पूर्वेकडे जाताना ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस, असा हिशेब धरा.

दुबई भारताच्या दीड तास मागे आहे; कुवेत, कतार, सौदी अडीच तास. तिथून आल्यावर अंग मोडून येते ते रात्रभराच्या जागरणाने. दोन रात्री नीट झोपलात की ते जाते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पुढचे सगळे चार तास किंवा त्याहून जास्त फरक असलेल्यांसाठी आहे.

उजेड केव्हा घ्यायचा, केव्हा टाळायचा

"पोहोचल्यावर सकाळचे कोवळे ऊन घ्या" हा सल्ला सगळीकडे मिळतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याला तो बहुतांशी लागू पडतो. न्यू जर्सीहून परतणाऱ्याला तोच सल्ला उलटा बसू शकतो.

झोपेतून उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते. या वेळेनंतर डोळ्यांवर प्रखर उजेड पडला तर घड्याळ पुढे सरकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप लवकर येते. या वेळेच्या आधीच्या काही तासांत उजेड पडला तर घड्याळ मागे सरकते. पूर्वेकडे आलेल्याला घड्याळ पुढे न्यायचे असते. तेव्हा तुमची ही "तळाची वेळ" काढा. जिथून निघालात तिथल्या रोजच्या उठण्याच्या वेळेतून अडीच तास वजा करा आणि आलेली वेळ नव्या ठिकाणच्या वेळेत बदला.

समजा, न्यू जर्सीत तुम्ही सकाळी ७ ला उठत होता. तळाची वेळ पहाटे ४.३०. भारत न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. म्हणजे मुंबईत ती वेळ उन्हाळ्यात दुपारी २ ची, हिवाळ्यात ३ ची. पहिल्या दिवशी त्याआधी प्रखर उजेड टाळायचा आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत भरपूर घ्यायचा. सकाळी विमानतळावरून हायवेने घरी येताना काळा चष्मा लावा. घरी पडदे ओढून ठेवा, दोन तास झोपलात तरी चालेल. पण गजर लावा आणि दुपारी उठून बाहेर पडा. आचोळे तलावाकडची सकाळी सहाची फेरी पहिले चार-पाच दिवस सोडा, संध्याकाळी चारनंतर जा. उजेडाची ही वेळ रोज तासभर अलीकडे आणा. आठवड्याच्या शेवटी पुन्हा सकाळच्या मंडळींत सामील होता येईल.

सकाळीच उन्हात बसलात तर घड्याळ मागे मागे सरकत साडेतेरा-साडेचौदा तासांचा वळसा घेऊन जागेवर येते. काही जण हा वळसा मुद्दाम निवडतात, तेही चालते. चालत नाही ते धरसोडीचे. एक दिवस पहाटे फेरी, एक दिवस दुपारभर अंधारात झोप, असे केले की घड्याळ ना पुढे जाते ना मागे, आणि दोन आठवडे झाले तरी रात्री डोळे उघडेच.

लंडनहून येणाऱ्याचे गणित सोपे आहे. तिथले पहाटेचे ४.३० म्हणजे इथले उन्हाळ्यात सकाळचे ९, हिवाळ्यात १०. तोवर घरात थांबा, मग दुपारपर्यंत उजेडात राहा. सॅन फ्रान्सिस्कोचा फरक साडेबारा ते साडेतेरा तासांचा, जवळजवळ अर्धा दिवस. इथे पूर्व-पश्चिम सारखेच. घड्याळ मागे नेणेच बहुतेकांना सोपे जाते, म्हणून दिवसभर, विशेषतः दुपारी, बिनधास्त उजेड घ्या.

उजेड म्हणजे कडक ऊन नव्हे. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स असतो, बाहेर सावलीत काही हजार. मे महिन्यात दुपारी झाडाखाली किंवा गॅलरीत बसणे पुरते. पावसाळी ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

मेलबर्न-सिडनीला जाताना

हा फरक साडेचार तासांचा, तिथल्या उन्हाळी वेळेत (ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत) साडेपाच. इथे सकाळी ६ ला उठणाऱ्याची तळाची वेळ मेलबर्नमध्ये ८ किंवा ९ ला येते. तिथे पहिल्या सकाळी नातवंडाला शाळेत सोडायला घाईने बाहेर पडू नका. नऊनंतर दोन-तीन तास बाहेर राहा.

निघण्यापूर्वी तीन-चार दिवस रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपा, लवकर उठा आणि उठल्यावर लगेच उजेडात जा. पहाटेची विरार लोकल पकडून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना चार-साडेचारला उठणे नवीन नाही. या एका बाबतीत आपण पुण्याच्या प्रवाशांपेक्षा पुढे आहोत!

औषधांच्या वेळा: सर्वांत महत्त्वाचे

झोप आठवड्याने जागेवर येईल, पण औषधाची चूक एका रात्रीत महागात पडू शकते. पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, त्यामुळे घड्याळ बघून डोस घेतले तर दोन डोस जवळ येतात.

दिवसातून एकदा घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन तुम्ही न्यू जर्सीत रात्री १० ला घेता असे धरा. तिथले रात्रीचे १० म्हणजे उन्हाळ्यात इथले दुसऱ्या दिवशी सकाळचे ७.३०. मुंबईत पोहोचून "रात्रीचे दहा वाजले" म्हणून पूर्ण डोस घेतलात तर आधीच्या डोसला जेमतेम साडेचौदा तास झालेले असतात. दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो आणि साखर नेमकी झोपेत उतरते. उपाय दोन आहेत: तो एक डोस डॉक्टर कमी करून देतात, किंवा काही दिवस सकाळी ७.३० लाच घेऊन हळूहळू वेळ बदलायला सांगतात. कोणता उपाय आणि किती युनिट, हे तुमची साखर, मूत्रपिंड आणि वय पाहून ठरते, स्वतः अंदाज बांधू नका. निघण्याच्या दोन आठवडे आधी तिकीट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि कागदावर तारखा-वेळा लिहून घ्या. परतीच्या प्रवासाचेही तेव्हाच लिहून घ्या, कारण तो प्रवास अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

जेवणाआधी घ्यायचे मिश्र इन्सुलिन विमानात ट्रे समोर आल्यावरच टोचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचेही तसेच. जेवण नाही तर गोळी नाही. प्रवासाच्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी आली तर मधुमेह्यांनी त्या दिवशी उपवास करू नये. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात गेले तर गोठून खराब होऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवी. पहिले तीन-चार दिवस, विशेषतः झोपण्यापूर्वी आणि रात्री जाग आल्यावर, साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर आधी साखर खा, मग बाकीचे.

थायरॉइडची गोळी शरीरात बरेच दिवस राहते, तिची वेळ काही तास इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या पोहोचल्यावर स्थानिक वेळेवर नेता येतात. फक्त एका दिवसात दोनदा होणार नाहीत हे पाहा. फिट्सचे औषध चुकवू नका: जागरणाने फिट येण्याचा धोका मुळात वाढलेला असतो. वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर वेळा आधी विचारून घ्या.

मेलॅटोनिन आणि झोपेच्या गोळ्या

मेलॅटोनिन हे रात्र झाल्याची खूण देणारे हार्मोन. पूर्वेकडच्या प्रवासात त्याचा उपयोग होतो, पण योग्य वेळी घेतले तरच. नव्या ठिकाणच्या झोपण्याच्या वेळी, तीन ते पाच रात्री, अर्धा ते तीन मिलिग्रॅम सहसा पुरते. परत येताना मुले प्रेमाने १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली बॅगेत घालून देतात. जास्त डोसने घड्याळ लवकर लागत नाही, सकाळी गुंगी मात्र राहते. रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या शेजाऱ्याकडून मागून विमानात घेऊ नका. त्याने माणूस तासन्‌तास एका अंगावर पडून राहतो, पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि वृद्ध व्यक्ती उठल्यावर भांबावते. दारूने झोप लागते पण टिकत नाही. विमानात दर तास-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी घोटे हलवा. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील तर आधी सल्ला घ्या.

घरच्यांसाठी

न्यू जर्सीहून आलेल्या आजीला रात्री दोनला भूक लागते, कारण तिच्या शरीराच्या मते दुपार कलती झालेली असते. तिला रागावू नका. थोडा दूधभात किंवा केळे द्या, चहा नको, मोबाइल नको, मोठा दिवा नको. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद ठेवलेली बरी. बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा लावा आणि सामानाच्या बॅगा त्या वाटेत पडू देऊ नका. जेट लॅगमधली पडझड बहुधा अशा अंधारातच होते. भेटायला येणाऱ्यांना पहिल्या सकाळऐवजी दुसऱ्या संध्याकाळी बोलवा. आणि आलेल्या माणसाने तीन-चार दिवस स्कूटर किंवा गाडी चालवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एकाच पोटरीला सूज किंवा दुखणे, छातीत दुखणे, अचानक धाप लागणे यांत थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत हे होऊ शकते. साखर वारंवार उतरणे, वृद्ध व्यक्तीने ओळख विसरणे किंवा असंबद्ध बोलणे, ताप येणे ही जेट लॅगची लक्षणे नाहीत. बायपोलर आजार असलेल्या व्यक्तीला झोप कमी होऊनही थकवा जाणवत नसेल, बोलणे आणि खर्च वाढला असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना फोन करा. आणि दोन आठवड्यांनंतरही रात्रीची झोप परतली नाही, तर कारण प्रवासाव्यतिरिक्त दुसरे काही असू शकते, तपासून घ्या.