कॅल्शियम (धातू)

आवर्त सारणीच्या दुसऱ्या गटातील मूलद्रव्य. अणुक्रमांक २०, अणुभार ४०.०७८, घनता सु. १.५५ ग्रॅ./घ.सेंमी., वितळबिंदू ८४२° से., उकळबिंदू १,४८४° से. ताजा काप रुपेरी, किंचित पिवळसर. दमट हवेत लवकरच करडा पडतो. शिशापेक्षा कठीण, ॲल्युमिनियमपेक्षा मऊ. वजनाच्या मानाने विद्युत् संवाहकता तांबे व ॲल्युमिनियम दोहोंपेक्षा सरस. पण उघड्या हवेत न टिकणाऱ्या धातूच्या विजेच्या तारा करणार कोण? पाण्यात हायड्रोजन सुटतो, मात्र सोडियमसारखा भडका सहसा उडत नाही.

उत्पादन : हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विद्युत् विच्छेदनाने हा धातू वेगळा केला, त्याच सुमारास बर्झीलियस व पोन्टिन यांनी स्टॉकहोममध्ये पाऱ्याचे ऋणाग्र वापरून त्याचा पारदमेल मिळवला होता. पुढे वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडचे विच्छेदन रूढ झाले. दुसऱ्या पद्धतीत कळीचा चुना व ॲल्युमिनियमची पूड यांच्या वड्या निर्वात रिटॉर्टमध्ये सु. १,२००° से.पर्यंत तापवतात आणि निघणारी बाष्पे थंड भागावर गोठवतात.

पोलादात : हा उपयोग सर्वांत महत्त्वाचा. ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेल्या पोलादात ॲल्युमिनाचे घन कण उरतात. कंटिन्युअस कास्टिंगच्या वेळी ते नोझलच्या आत साचतात, धार बारीक होत जाते आणि शेवटी ओतकाम थांबवावे लागते. बेताने दिलेल्या कॅल्शियममुळे या कणांचे कॅल्शियम ॲल्युमिनेट बनते. ते पोलादाच्या तापमानाला द्रव असल्याने नोझलला चिकटत नाही.

अडचण उकळबिंदूची. १,६००° से.च्या पोलादात कॅल्शियमचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या दीडपटीहून अधिक असतो. वरून टाकलेला तुकडा पृष्ठभागावरच उकळून पेट घेतो. म्हणून कॅल्शियम किंवा कॅल्शियम-सिलिकॉन पातळ पत्र्याच्या वेष्टनात भरून त्याची वायर वेगाने लॅडलच्या तळाकडे सोडतात. पोलादाच्या दर मीटर खोलीला सु. दोन-तृतीयांश वातावरण दाब वाढतो, तेवढे उकळणे दबते. तरीही बराचसा धातू वाफ होऊन जातो. किती, याबाबत प्रत्येक कारखान्याचा आकडा वेगळा. गंधक आधी पुरेसे उतरवलेले नसेल, तर घन कॅल्शियम सल्फाइड तयार होऊन नोझल पुन्हा तुंबते. अतिरेकही घातक: जास्तीचे कॅल्शियम ॲल्युमिनायुक्त उच्चतापसह भाग खाते.

शिसे : बिस्मथ काढण्याच्या क्रॉल-बेटरटन पद्धतीत कॅल्शियम व मॅग्नेशियम वितळलेल्या शिशात ढवळतात, बिस्मथ संयुगरूपाने वर तरंगतो व मळीसारखा काढून घेतात. पाणी घालावे न लागणाऱ्या बॅटऱ्यांच्या जाळ्यांत अँटिमनीऐवजी ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी कॅल्शियम असते.

क्षपणक : थोरियम, निओडिमियम, स्कँडियम इत्यादींसाठी.

सुरक्षा : हवाबंद किंवा आर्गॉनमध्ये साठवतात. पेटल्यास पाणी वा कार्बन डाय-ऑक्साइड वापरू नये.